अंगावरचे चट्टे, वैदर्भीय ऊन आणि टॉवरवर आलेला आळ

पांदणरस्ता (धागाकर्ता)

वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. गावाच्या शिवेलगत मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि त्यापाठोपाठ आलेल्या उन्हाळ्यात काही जणांच्या त्वचेच्या तक्रारी सुरू झाल्या. तेव्हापासून पारावर आणि बचतगटाच्या बैठकीत एकच विषय आहे. बायांच्या गालांवर काळसर डाग येत आहेत, काही कास्तकारांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूची कातडी खाजून खाजून जाड झाली आहे, शाळेतील काही मुलांच्या गालांवर व पाठीवर फिकट चट्टे दिसतात. आणि या सगळ्याचे मूळ टॉवरमधून निघणाऱ्या किरणांत आहे, असे बहुतेकांनी ठरवूनही टाकले आहे. येत्या ग्रामसभेत टॉवर हटवण्याचा ठराव यायचा आहे आणि त्याचा मसुदा मी लिहून द्यावा असा आग्रह आहे.

मसुदा लिहायला माझी हरकत नाही. पण ज्या कागदावर गावाच्या सह्या व्हायच्या त्यातील विधान खरे आहे की नाही हे आधी समजून घ्यावे, म्हणून हा धागा. मोबाइलचे किरण त्वचेला इजा करतात काय? करत नसतील तर हे डाग कशाचे? आठवीतील एका मुलीने विचारलेला प्रश्न मला याहून अवघड वाटला. ऊन हेही रेडिएशन आणि टॉवरमधून येते तेही रेडिएशन, मग दिवसभर उन्हात निंदण करणाऱ्या माझ्या आईला दोन्ही मिळून दुप्पट त्रास होत असेल का, असे तिने विचारले. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. नुसते दुवे देऊ नयेत, कारण मला हे गावात वाचून दाखवायचे आहे.

तरंगलांबी

गुरुजी, मी दूरसंचार क्षेत्रात नोकरी केलेला अभियंता आहे. माझे म्हणणे कोणाला पक्षपाती वाटू शकते, म्हणून हे आधीच सांगतो. खालचे गणित मात्र कोणीही पडताळून पाहावे.

तुमच्या विद्यार्थिनीपासून सुरुवात करू. ऊन आणि मोबाइलचे किरण या दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच आहेत, हे तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. फरक आहे तो लहरीच्या लांबीत. दोन गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोबाइलच्या लहरीची लांबी सुमारे १५ सेंटीमीटर असते. त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणाची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजारांश भागाच्या तिप्पट. लहर जितकी आखूड, तितकी तिच्या एका कणातील, म्हणजे एका फोटॉनमधील ऊर्जा जास्त. या हिशेबाने अतिनील प्रकाशाचा एक फोटॉन मोबाइलच्या फोटॉनपेक्षा सुमारे ५ लाख पट ताकदीचा ठरतो.

आता त्वचेत काय होते ते पाहू. अतिनील फोटॉन पेशीतील डीएनएवर आदळला की शेजारशेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना चिकटतात आणि अनुवंशिक मजकुरात तेवढ्यापुरता बिघाड होतो. पेशी असे बहुतेक बिघाड दुरुस्त करते. वर्षानुवर्षे काही दुरुस्त्या हुकत गेल्या की सुरकुत्या, डाग आणि क्वचित कर्करोग संभवतो. पण हा बिघाड घडवायला एकाच फोटॉनमध्ये पुरेशी ऊर्जा असावी लागते. उंच फांदीवरचे कवठ पाडायचे असेल तर एक धोंडा नेमका बसावा लागतो. दिवसभर मूठमूठ सरकी फेकत राहिलो तरी कवठ जागचे हलत नाही. मोबाइलचे किरण सरकीच्या जातीचे आहेत. कितीही आले तरी रासायनिक बंध तोडण्याची ताकद एकातही नाही, आणि त्यांची बेरीज होऊन ती ताकद तयार होत नाही.

ते किरण काहीच करत नाहीत असे मात्र नाही. ते शरीरात शोषले जातात आणि त्यांची उष्णता होते. सर्व मर्यादा याच परिणामावर बेतलेल्या आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या हँडसेटसाठी शरीराच्या एक ग्रॅम भागात सरासरी किलोग्रॅममागे १.६ वॅट ही शोषणाची कमाल मर्यादा आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबले की तुमच्या हँडसेटचा आकडा बहुधा पडद्यावर येतो. टॉवरच्या बाबतीत, आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकीच मर्यादा आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून लागू करण्यात आली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरली.

या आकड्याशेजारी उन्हाचा आकडा ठेवून पाहा. निरभ्र दुपारी आपल्या वावरात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते आणि त्यातील ३ ते ५ टक्के अतिनील असते. उलट टॉवरच्या एका अँटेनाचे प्रभावी प्रक्षेपण १००० वॅट धरले, तर थेट झोतात १०० मीटरवर ते चौरस मीटरला वॅटच्या जेमतेम शतांशाइतके उरते, कारण अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीने घटते. शिवाय झोत क्षितिजाच्या दिशेने, किंचित खाली कललेला असतो, त्यामुळे टॉवरच्या बुडाशी तो सर्वांत क्षीण असतो. तेव्हा त्या मुलीला सांगा की तिच्या आईच्या त्वचेवर जो भार आहे तो जवळपास सगळा उन्हाचा आहे.

आणखी एक गोष्ट ग्रामसभेत सांगण्यासारखी आहे. टॉवर जितका दूर, तितका हातातला फोन जास्त जोर लावतो. जुन्या टू-जी फोनची क्षणिक शक्ती २ वॅटपर्यंत जात असे, फोर-जीची सुमारे ०.२ वॅट, सिग्नल चांगला असला तर हीच शक्ती शेकडो पटींनी खाली येते. धारणी किंवा भामरागडकडे एकच काडी दाखवणारा फोन कानाला लावून बोलणाऱ्याच्या गालावर जितके किरण शोषले जातात, तितके टॉवरशेजारी राहून बोलणाऱ्याच्या गालावर शोषले जात नाहीत. टॉवर हटवला तर गावातील प्रत्येकाच्या हातातला फोन जास्त किरण सोडू लागेल.

वावरवाला

तरंगलांबी साहेब, गणित समजले, पण पूर्ण पटले असे म्हणणार नाही. फवारणीच्या औषधांबाबतही मात्रा पाळली तर धोका नाही असेच आम्हाला सांगितले जात होते, आणि २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि मजूर दगावले हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यामुळे कागदावरची मर्यादा पाहून आम्ही निर्धास्त होत नाही, यात आमचे काय चुकले? जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संस्थेने मोबाइलच्या किरणांना कर्करोगाची शक्यता असलेल्या यादीत टाकले आहे, हे खरे की खोटे? आणि आता तर फाइव्ह-जी आले आहे.

तरंगलांबी

वावरवाला भाऊ, तुमची शंका रास्त आहे. ती यादी खरी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२-ब' गटात ठेवले. पुरावा मर्यादित आहे, निष्कर्ष काढता येत नाही, पण शक्यता पूर्णपणे नाकारताही येत नाही, असा त्या गटाचा अर्थ आहे. आणि तो निर्णय मुख्यतः मेंदूच्या गाठींच्या अभ्यासांवरून झाला, त्वचेवरून नाही. त्याच संस्थेने सूर्यप्रकाशाला १९९२ मध्येच 'गट १' मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्यांच्या गटात टाकले आहे. गट १ मध्ये तंबाखूही आहे. ठरावावर सही करताना तोंडात खर्रा असलेल्यांना हे ऐकवायला विसरू नका, गुरुजी.

त्वचेपुरता थेट अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला. १९८७ ते १९९५ या काळात मोबाइल घेतलेल्या साडेतीन लाखांहून अधिक ग्राहकांची नावे तेथील कर्करोग नोंदणीशी २००७ पर्यंत ताडून पाहिली गेली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फोन वापरणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून वाढलेले आढळले नाही. त्या अभ्यासाला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. फोन त्या काळचे होते, आणि डेन्मार्कचे ऊन व तेथील गोरी कातडी यांवरून आपल्याकडचे सगळे ठरवता येत नाही. परंतु ते फोन आजच्यापेक्षा जास्त शक्तीने किरण सोडत होते, हेही ध्यानात घ्यावे.

फाइव्ह-जीबद्दल. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले आणि ते मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ व ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणजे जुन्याच घराण्यातील लहरींवर. २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही लिलावात गेला आहे. त्या लहरी शरीरात मिलिमीटरभरच शिरतात, म्हणजे त्यांचा सारा भार त्वचेवरच येतो. म्हणून त्या पट्ट्यावर त्वचेच्या दृष्टीने लक्ष ठेवणे योग्यच आहे. पण त्यांचा पल्ला फार तोकडा असल्याने त्या शहरातील गर्दीच्या जागांसाठी आहेत. तुमच्या शिवारात कोणी त्यांच्यासाठी अँटेना बसवणार नाही.

कागदावरच्या मर्यादेवर विश्वास नसेल तर मोजणी मागा. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील टॉवर नियमात बसतो की नाही हे पाहता येते आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते. फवारणीच्या बाबतीत अशी सोय असती तर बरे झाले असते, एवढे तुमचे दुःख मी समजू शकतो.

निवृत्त आरोग्यसेविका

गुरुजी, मी चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील उपकेंद्रांवर नोकरी केली आहे. तुम्ही एका दमात तीन वेगवेगळे आजार सांगितलेत आणि गावाने त्या तिघांचा एकच बाप ठरवला. मला टॉवरच्या भीतीपेक्षा याच गोष्टीची जास्त काळजी वाटते, कारण कारण चुकले की उपचार लांबतो.

आधी पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीतील खाज. यावर माझा पहिला संशय गाजरगवतावर आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले हे तण आता आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आणि पांदणीवर उभे असते. त्याच्या केसांत आणि परागांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते आणि काही माणसांच्या त्वचेला त्याचे वावडे निर्माण होते. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडतो आणि उघड्या अंगावर बसतो, म्हणून हा त्रास उन्हाच्या त्रासासारखा दिसतो. ओळखण्याची एक खूण सांगते. ऊन लागून झालेला त्रास पापण्यांच्या घडीत, हनुवटीखाली आणि कानामागे सहसा होत नाही, कारण तेथे सावली असते. गाजरगवताची धूळ मात्र नेमकी याच जागी जाऊन बसते. तुम्ही पापण्या आणि कोपराची खोबण म्हणालात, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहीत आहे. हा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढला तर पुढे त्वचा खरोखरच उन्हाला असह्य होते आणि माणूस मे महिन्यात घराबाहेर पडू शकत नाही. अशा कास्तकाराने गाजरगवत हाताने उपटू नये, ते जाळून त्याच्या धुरातही उभे राहू नये, आणि फुलोरा येण्यापूर्वी इतरांकडून ते काढून घ्यावे.

बायांच्या गालांवरचे काळे डाग म्हणजे बहुधा वांग. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना, आणि काही घराण्यांत अधिक, असा त्याचा स्वभाव आहे; पण त्याला रोज खतपाणी घालते ते ऊन. त्यात केवळ अतिनील किरणच नाहीत तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. कोणी विचारेल म्हणून सांगते, मोबाइलच्या पडद्याचा निळा प्रकाश उन्हातील त्याच प्रकाशापुढे शेकडो पटींनी क्षीण असतो, त्यामुळे पडद्याला दोष देऊ नये. चुलीपुढे रोज बसणाऱ्या बायांच्या नडग्यांवर जाळीदार काळपट डाग पडतात, ते किरणांचे नसून आचेचे असतात. आणि कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका आला असेल तर तो टिकलीच्या चिकट द्रव्यातील रसायनाने रंग जाऊन आलेला असू शकतो. टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

आता मुलांचे फिकट चट्टे, आणि येथे मात्र माझे सगळ्यांनी नीट वाचावे. शाळकरी मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित कोंडा असलेले चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात आणि उन्हाळ्यात सभोवतालची कातडी काळवंडल्याने उठून दिसतात. पाठीवर आणि छातीवर घामाच्या दिवसांत येणारे छोटे फिकट ठिपके म्हणजे शिबे. ती बुरशी आहे, औषधाने जाते, रंग भरायला काही महिने लागतात. परंतु आपला हा पट्टा कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे, वरोऱ्याचे आनंदवन उगीच येथे उभे राहिलेले नाही. ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर पिसाचा स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस झडलेले आहेत, तो चट्टा उन्हाचा नाही आणि टॉवरचा तर नाहीच. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून पाहावे आणि शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो, रोग पूर्ण बरा होतो, आणि लवकर सुरू केला तर हातापायांत व्यंग येत नाही. टॉवरच्या ठरावाची वाट पाहत एखाद्या मुलाचा चट्टा वर्षभर तसाच राहिला तर त्याची भरपाई कोणी करणार नाही.

जाता जाता एक जुनी आठवण लिहिते. हातांच्या पाठींवर आणि गळ्याभोवती हाराच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना सारखा काळपट, खरबरीत पट्टा असलेले रुग्ण पूर्वी अधिक दिसत. तो पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता, आणि तोही उन्हातील भागावरच उमटतो. केवळ ज्वारीवर जगणाऱ्यांत तो का होतो यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास महत्त्वाचे काम केले. आता ताटात डाळ-भाजी आल्याने तो दुर्मिळ झाला आहे. दारूच्या आहारी गेलेल्यांत अजूनही सापडतो.

औषधी दुकानदार

ताईंनी एक गोष्ट सोडली, ती मी माझ्या काउंटरवरून रोज पाहतो. वांगाला, नायट्याला, घामोळ्यांना, कशालाही लोक एकच लहान ट्यूब मागतात. शेजारणीला गुण आला म्हणून. तिच्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, खाज थांबते, आणि तेथेच माणूस फसतो. महिनोनमहिने लावल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, आणि उन्हात चार पावले टाकली तरी चेहऱ्याची आग होते. ट्यूब थांबवली की आग आणखी भडकते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. गावात टॉवर आल्यापासून उन्हात चेहरा जळतो असे सांगणाऱ्या ग्राहकाला मी आता आधी विचारतो की चेहऱ्याला काय लावता. नायट्यावर हे मलम लावले तर खाज दबते आणि बुरशी खुशाल पसरत राहते. गजकर्ण हट्टी होण्याचे हे मोठे कारण आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी मलमे 'अनुसूची एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम किती पाळला जातो यावर माझ्याच व्यवसायातील मंडळींविषयी लिहायचे तर वेगळा धागा लागेल.

घरगुती उपायांचेही सांगतो. चेहऱ्यावर लिंबू चोळून वावरात जाऊ नये. लिंबाच्या सालीतील द्रव्य आणि ऊन यांच्या संयोगाने फोड येऊन काळे ओघळ उमटतात. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा जुना उपाय याच संयोगावर चालतो, आणि आधुनिक वैद्यकातही त्याच जातीचे द्रव्य मोजून-मापून वापरतात, पण घरच्या घरी मात्रा चुकली की कातडी भाजून निघते. डॉक्सिसायक्लीन किंवा रक्तदाबाची काही औषधे सुरू असतील तरीही ऊन जास्त बाधते. हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

नवतपा

ताई, माझे बाळ चार महिन्यांचे आहे. सासूबाई रोज तेल लावून त्याला कोवळ्या उन्हात निजवतात. ड जीवनसत्त्वासाठी ते चांगले असेच ऐकत आले आहे. मग ऊन वाईट की चांगले? आणि बाळाशेजारी फोन ठेवू नये असे म्हणतात, ते कितपत खरे?

निवृत्त आरोग्यसेविका

सकाळी सातचे कोवळे ऊन उबेला छान आहे, परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारा अतिनील-ब भाग तेव्हा वातावरणातच अडून राहतो. तो भरपूर मिळतो ते दुपारी ११ ते २ च्या दरम्यान, आणि त्या वेळी सहा महिन्यांच्या आतील बाळाला थेट उन्हात ठेवणे बरोबर नाही. म्हणून बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात. ते विचारून सुरू करा आणि मालीश खुशाल चालू ठेवा. मोठ्यांचे म्हणाल तर वावरात राबणाऱ्याला वेगळे ऊन घ्यायची गरज नाही. घरात बसून शिवणकाम करणाऱ्या आणि बाहेर पडताना पूर्ण झाकून घेणाऱ्या सुनांमध्ये कमतरता अधिक दिसते. बाळाशेजारचा फोन किरणांसाठी नव्हे, तर तापलेल्या बॅटरीसाठी आणि त्याच्या झोपेसाठी दूर ठेवावा.

तरंगलांबी

फोनची आच हा खरा मुद्दा आहे, म्हणून थोडे लिहितो. बोलताना गाल गरम होतो तो मुख्यतः बॅटरी, प्रोसेसर आणि पडद्याच्या उष्णतेने. किरणांचा वाटा त्यात अगदी किरकोळ असतो. अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवले की ४४ अंशांची वस्तू त्वचेला सुमारे ६ तास चिकटून राहिली तरी भाजते. चार्जिंगला लावलेला फोन उशाखाली किंवा कुशीत घेऊन झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ट्रॅक्टरच्या सीटवर उन्हात तापलेला फोन लगेच कानाला लावू नये, चार्जिंगलाही लावू नये.

याखेरीज फोनमुळे त्वचेचा एक आजार निश्चितपणे नोंदलेला आहे, तो म्हणजे धातूच्या कडेतील निकेलची अॅलर्जी. बेंटेक्सचे दागिने ज्यांना चिघळतात त्यांच्या गालावर, कानावर किंवा खिशाखालच्या मांडीवर, घामाच्या दिवसांत, फोनच्या कडेच्या आकाराचा खाजरा पट्टा उठू शकतो. साधे प्लॅस्टिकचे कव्हर घातले की तो थांबतो.

वावरवाला

ताई, गाजरगवताचे वाचून माझ्या मोठ्या बंधूंच्या पापण्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेतो. टॉवरची मोजणी मात्र व्हावी असे मला अजूनही वाटते.

उन्हाचे आम्ही काय करायचे, हे कोणी लिहिले नाही. दुपारी ११ ते ४ बाहेर पडू नका हे वाक्य शहरातल्या माणसासाठी ठीक आहे. तेंदूपत्त्याचे काम पहाटे होते हे खरे, पण रोजीने वेचणीला किंवा निंदणाला गेलेली बाई दुपारी घरी येऊ शकत नाही. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा, हा आमच्या बायांचा जुनाच बंदोबस्त आहे. तो पुरेसा आहे की सनस्क्रीन घ्यायचे?

निवृत्त आरोग्यसेविका

दादा, तो बंदोबस्त कोणत्याही सनस्क्रीनपेक्षा सरस आहे, फक्त कापड घट्ट विणीचे आणि जरा गडद असावे. जुना, विरलेला पांढरा शर्ट अतिनील किरणांना बराच वाव देतो, आणि घामाने ओला झाल्यावर आणखी. दुपट्टा कपाळावर पुढे ओढून छज्जासारखा बांधला तर नाक आणि गाल सावलीत येतात. सनस्क्रीन चेहरा आणि मान एवढ्यापुरते, आणि तेही वांग, कोड किंवा उन्हाची अॅलर्जी असलेल्यांनी आधी घ्यावे. एसपीएफ ३० पुरते, पण पातळ हात फिरवून उपयोग नाही, दोन बोटांच्या लांबीइतके लागते आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. मजुरीच्या हिशेबात ते बसत नाही, हे मला माहीत आहे. जन्मतः रंगद्रव्य नसलेली, पांढरे केस आणि पांढरी कातडी असलेली मुले गावात असतील तर सनस्क्रीनवरचा पहिला हक्क त्यांचा, आणि त्यांना दुपारच्या कामाला मुळीच पाठवू नये; आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचे जे संरक्षण आहे ते त्यांना नाही.

आणि उन्हाचा जोर पाऱ्यावरून ठरवू नका. पारा हवेची उष्णता सांगतो, अतिनील किरणांचा जोर सूर्य किती वर आहे यावर ठरतो. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत असे समजावे.

पांदणरस्ता

सावलीचा नियम वर्गात करून पाहण्याजोगा आहे. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मध्यान्हीला सुमारे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे तेव्हाही सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी होते. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास तर सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैतील ढगाळ दिवसात डवरणीच्या वेळी हवा थंड वाटते म्हणून दुपट्टा सोडून ठेवणाऱ्यांना हे सांगायला हवे, कारण विरळ ढगांतून अतिनील किरण बरेच खाली येतात.

मसुदा मी आता वेगळा लिहिला आहे. टॉवरच्या लहरींची मोजणी व्हावी ही वावरवाला भाऊंची मागणी त्यात आहे, आणि त्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्राने गावात त्वचा तपासणी शिबिर घ्यावे ही दुसरी. धुऱ्यांवरचे गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी काढण्याचे काम रोजगार हमीत घेता येईल का, हे ग्रामसेवकांना विचारले आहे. टॉवर हटवण्याचे वाक्य त्यात नाही. त्यावरून दोन मंडळी माझ्यावर नाराज आहेत. ग्रामसभेत जे व्हायचे ते होईल. ताई, शिबिराच्या आधी लोकांना काय सांगून ठेवू?

निवृत्त आरोग्यसेविका

त्या दिवशी चेहऱ्यावर पावडर, हळद, तेल किंवा कोणतेही मलम लावून येऊ नका म्हणावे, कारण त्याखाली चट्टा दिसत नाही. आतापर्यंत लावलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूब आणि सुरू असलेल्या गोळ्यांची पाने पिशवीत घालून आणावीत. लाजून घरी ठेवू नयेत, डॉक्टरांना निम्मे निदान तेथेच मिळते. नायटा असलेल्यांनी घरातील बाकीच्यांनाही सोबत आणावे. बायांची तपासणी शाळेच्या बंद खोलीत आणि महिला कर्मचाऱ्यासमोर होईल हे आधीच जाहीर करा, नाहीतर त्या चेहरा तेवढा दाखवून परत जातील आणि पाठीवरचा चट्टा तसाच राहील.